पहिली टर्नटेबल जोडी : बेताच्या बजेटमध्ये नेमकं काय घ्यावं?

सम_ते_सम
नमस्कार मंडळी. डीजेइंगसाठी पहिली टर्नटेबल जोडी घ्यायची आहे. दोन टर्नटेबल, मिक्सर, दोन कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) आणि स्लिपमॅट (तबकडीखालचा निसरडा गोल) हे सगळं एकाच बेताच्या रकमेत बसवायचंय. मुख्य हेतू तबकड्यांवर बीटमॅचिंग (दोन गाण्यांचे ठेके जुळवणं) शिकणं हा आहे. संगीत हाउस आणि डिस्को. स्क्रॅचिंग (तबकडी हाताने पुढेमागे करून आवाज काढणं) जमलं तर थोडंफार.

प्रश्न असे : नवी स्वस्त जोडी घ्यावी की वापरलेली चांगली? बेल्ट ड्राइव्ह अजिबातच नको का? आणि एक उत्तम टर्नटेबल आता, दुसरं नंतर असं केलं तर चालेल का?

खाचखळगे
डायरेक्ट ड्राइव्ह. वापरलेली. दोन्ही एकाच मॉडेलची. बाकी चर्चा यानंतर.

मोटार_आणि_मी
खाचखळगे यांना अनुमोदन, पण कारणं सांगितली पाहिजेत.

डीजे तबकडी हाताने धरून ठेवतो तेव्हा खाली प्लॅटर (फिरणारी थाळी) फिरतच राहायला हवा. स्लिपमॅट मध्ये घसरतो, तबकडी थांबलेली, प्लॅटर चालू. बेल्ट ड्राइव्हमध्ये मोटार बाजूला असते आणि रबरी पट्ट्याने प्लॅटर ओढते. तुम्ही बोट टेकवलं की पट्टा ताणतो किंवा निसटतो, प्लॅटर मंदावतो. बोट काढल्यावर तो मूळ वेगावर यायला वेळ घेतो आणि तेवढ्यात ठेका हातातून गेलेला असतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये प्लॅटर मोटारीच्या आसावरच बसतो, म्हणून तो धरल्यावर दबत नाही आणि सोडल्यावर रेंगाळत नाही.

आकड्यांत सांगायचं तर टेक्निक्स एसएल-१२०० एमके-२ चा टॉर्क (फिरवण्याचा जोर) १.५ किलोग्रॅम-सेंटिमीटर आहे आणि ३३⅓ चा वेग पकडायला त्याला ०.७ सेकंद लागतात. एमके-७ चा टॉर्क १.८. पायोनियर पीएलएक्स-१००० चा ४.५. मिक्सिंगसाठी १.५ पुरेसा आहे, जगभरच्या क्लबांनी तीस वर्षं त्यावरच काढली. म्हणून केवळ मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

हळूहळू_चालू
थोडा मतभेद. फक्त दोन गाणी जुळवायला शिकायचं असेल तर बेल्ट ड्राइव्हवरही शिकता येतं. हात हलका ठेवायची सवय लागते, तबकडीला कमीत कमी स्पर्श करून वेग सावरायला शिकता. हातात आयती जोडी असेल तर ती टाकून देऊ नये.

मोटार_आणि_मी
@हळूहळू_चालू, आयती असेल तर जरूर वापरा. पण यांना पैसे मोजून घ्यायची आहे. आणि हलक्या हाताचा प्रश्न नाही, वेग टिकण्याचा प्रश्न आहे. १२५ बीपीएमला (मिनिटाला १२५ ठोके) एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा. दोन टर्नटेबलांच्या वेगात फक्त ०.१ टक्का फरक राहिला तरी मिनिटाभरात ६० मिलिसेकंदांची तफावत पडते, म्हणजे ठोक्याचा आठवा भाग. किक ड्रम दुहेरी ऐकू येतो. शिकणाऱ्याला ही चूक आपल्या हाताची की यंत्राची हे कळायला हवं. यंत्रच डगमगत असेल तर कान तयार होत नाही.

हळूहळू_चालू
हा मुद्दा पटला. कान तयार होण्याचं मी लक्षात घेतलं नव्हतं.

निळी_वायर
वापरलेली जोडी बघायला जाताना काय तपासायचं ते लिहितो. सोबत आपलं एक चालू कार्ट्रिज, एक तबकडी आणि हेडफोन असलेला छोटा मिक्सर न्या. विकणाऱ्याचं कार्ट्रिज खराब असेल तर दोष कशात आहे तेच कळत नाही.

पहिला टोनआर्म (सुई धरणारा दांडा), कारण दुरुस्तीला तोच सगळ्यात महाग पडतो. अँटीस्केट (आर्मला आत ओढणारा जोर सावरणारी सेटिंग) ० वर ठेवा, मागचं वजन फिरवून आर्म हवेत आडवा तरंगेल असा करा. आता हलकी फुंकर मारा. आर्म अडखळता कामा नये, एका जागी पुन्हापुन्हा थांबता कामा नये. मग आर्मच्या खांबाजवळ दोन बोटांनी अगदी हलकेच पुढेमागे करून बघा. खुटखुट जाणवली तर बेअरिंग ढिलं आहे. घट्ट करता येतं, पण आधीच जास्त आवळून बेअरिंग चेचलेलं असेल तर ते यंत्र सोडून द्या.

दुसरा पिच, म्हणजे वेग कमीजास्त करायची सोय. प्लॅटरच्या कडेला ठिपक्यांच्या चार ओळी असतात. टेक्निक्सवर पिच ० ला असताना मोठ्या ठिपक्यांची ओळ लाल दिव्यासमोर थिजल्यासारखी दिसली पाहिजे. बाकीच्या तीन ओळी +६, +३.३ आणि −३.३ साठी असतात. फेडर (पिचची सरकती कळ) +३.३ वर न्या, त्याची ओळ स्थिर राहते का बघा. मग +६ वर. ओळ सरकत राहिली तर पिचचं कॅलिब्रेशन हललंय, आणि ठिपके थरथरत असतील तर फेडरमध्ये धूळ आहे. धूळ निघते, म्हणून त्यावर किंमत कमी करून घ्या, नकार देऊ नका.

तिसरं, दोन्ही चॅनेलचा आवाज. गाणं चालू असताना आरसीए वायर (आवाज मिक्सरकडे नेणारी) यंत्रातून बाहेर येते तिथे हळूच हलवा. खरखर झाली किंवा एक बाजू गेली तर वायर तुटत आलीय. जुन्या एमके-२ ला वायर आतून डकवलेली असते, बदलायला यंत्र उघडून डाग द्यावा लागतो. एमके-७ ला वायर सुटी आहे.

चौथं, मागची पट्टी वाचा. जपानसाठी बनलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं. तुमच्याकडचा पुरवठा वेगळा असेल तर ट्रान्सफॉर्मरचा खर्च धरा. तो न लावता प्लग घातलात तर आतला पुरवठा जळतो.

खाचखळगे
@निळी_वायर, अप्रतिम. वाचनखूण साठवली. एक भर : स्टार्ट-स्टॉपचं बटण दहा-बारा वेळा दाबून बघा. प्रत्येक वेळी एका दाबात चालू आणि एका दाबात बंद व्हायला हवं.

काळी_तबकडी
एसएल-१२०० चा इतिहास थोडक्यात, कारण वापरलेल्या बाजारात वयाचा प्रश्न येतोच. मूळ एसएल-१२०० १९७२ चं. एमके-२ १९७९ चं, त्यात क्वार्ट्झ लॉक (स्फटिकाच्या आधारे वेग स्थिर ठेवणं) आणि सरकता पिच फेडर आला. २०१० मध्ये उत्पादन थांबलं, २०१६ मध्ये महागड्या आवृत्तीने पुन्हा सुरू झालं आणि २०१९ मध्ये डीजेंसाठी एमके-७ आलं. म्हणजे वापरलेलं एमके-२ बऱ्याचदा विकत घेणाऱ्यापेक्षा वयाने मोठं असतं! तरी ते चालतं, कारण आत झिजण्यासारखं फार कमी आहे. मोटारीला ब्रश नाहीत. आसाच्या बेअरिंगला दर २००० तासांनी तेलाचे दोन-तीन थेंब, इतकीच कंपनीची अपेक्षा.

सम_ते_सम
सगळ्यांचे आभार. पण टेक्निक्स वापरलेलं घेतलं तरी बजेट त्यातच संपेल असं दिसतंय. इतर ब्रँडबद्दल सांगाल का? वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं दिसायला अगदी सारखी आहेत.

मोटार_आणि_मी
सारखी दिसतात कारण त्यांतली बरीचशी हानपिन या तैवानी कारखानदाराकडची आहेत. मूळ सांगाडा तोच, वर नाव वेगळं. प्रत्येक कंपनी मोटार, आर्म, पिचची श्रेणी, पायांचं रबर यांत फरक करून घेते. म्हणून नावापेक्षा तपशील वाचा.

रीलूप आरपी-७००० एमके-२, पायोनियर पीएलएक्स-१०००, ऑडिओ-टेक्निका एटी-एलपी१४०एक्सपी ही वापरलेली मिळाली तर बिनधास्त घ्या. स्टँटनचं एसटी-१५० जड आहे, टॉर्क भरपूर आणि आर्म एस आकाराचा. त्याखाली पायोनियर पीएलएक्स-५००. मिक्सिंग शिकायला ते पुरेसं.

ऑडिओ-टेक्निकाचं एटी-एलपी१२०एक्स मात्र नीट विचार करून घ्या. डायरेक्ट ड्राइव्ह आहे, दिसतंही डीजेचं, पण त्याचा टॉर्क आधीच्या एलपी१२० पेक्षा कमी आहे. ते मुख्यतः घरी गाणी ऐकणाऱ्यासाठी आहे. जाड स्लिपमॅटवर तबकडी धरली की प्लॅटर मंदावतो.

उलटी_फिरकी
धाग्यात थोडंफार स्क्रॅचिंगही लिहिलंय म्हणून सरळ आर्मबद्दल. काही टर्नटेबलांना एस आकाराऐवजी सरळ आर्म असतो. एस आर्ममध्ये हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज धरणारा तुकडा) तिरकं बसवलेलं असतं, त्यामुळे सुई खाचेशी जवळपास योग्य कोनात राहते. पण त्याच तिरकेपणामुळे आत ओढणारा जोर तयार होतो. सरळ आर्ममध्ये तो जोर कमी, म्हणून तबकडी जोरात पुढेमागे केली तरी सुई खाच सोडत नाही. बदल्यात कोनाची चूक वाढते, आवाज किंचित बिघडतो आणि तबकडी लवकर झिजते. हाउस-डिस्को मुख्य असेल तर एस आर्मच.

काळी_तबकडी
सहमत. स्क्रॅच करणाऱ्या मोठ्या मोठ्या मंडळींनीही एस आर्मवर सगळं केलंय. सेटिंग नीट असेल तर सुई उडत नाही.

बिगरी_ते_मिक्स
एक वेगळं मत मांडू का? कंट्रोलर (संगणकावरची गाणी मिसळायचं यंत्र) घेऊन सुरुवात का करू नये? टर्नटेबलच्या निम्म्या जागेत आणि कमी खर्चात सगळं बसतं. मिक्सिंगची रचना, इक्यू (खर्ज-तार कमीजास्त करणं), गाण्यांची निवड हे तिथेही शिकता येतं.

खाचखळगे
@बिगरी_ते_मिक्स, शिकता येतं. पण धागाकर्त्यांना तबकडीवरच शिकायचंय. तबकडीला हात लागला की काय होतं हे कंट्रोलरच्या लहान जॉगव्हीलवर (हाताने फिरवायच्या चकतीवर) कळत नाही. तिथे वजन नाही, घसरण नाही, आणि भोक थोडं बाजूला असलेली तबकडी नाही.

बिगरी_ते_मिक्स
भोक बाजूला म्हणजे?

काळी_तबकडी
तबकडीचं भोक मध्यापासून किंचित सरकलं असेल तर सुई कधी मध्याच्या जवळ येते, कधी लांब जाते. ३३⅓ ला एक फेरा १.८ सेकंदांचा, तर दर १.८ सेकंदांनी सूर आणि वेग थोडा वर-खाली होतो. आर्मकडे बघा, तो डावीउजवीकडे डुलताना दिसतो. अशी तबकडी जुळवताना पिच फेडर सतत हलवू नये, सरासरी धरून चालावं. नवशिका नेमका इथे प्रत्येक डुलण्यामागे धावतो.

भोक घट्ट असेल तर उलटा त्रास : तबकडी मधल्या खिळ्याला पकडते आणि स्लिपमॅटवर घसरतच नाही. सैल असेल तर भोकाच्या आतल्या कडेला कागदी स्टिकरची बारीक पट्टी लावतात.

निळी_वायर
बजेटबद्दल कोणी बोललंच नाही. माझ्या मते एकूण रकमेतले साधारण ६० टक्के टर्नटेबल जोडीला, २० मिक्सरला, १५ कार्ट्रिजना आणि उरलेले स्लिपमॅट, ब्रश, सुईवजनाचा काटा यांना. कार्ट्रिजवर काटकसर केली की चांगलं यंत्रही वाईट वाजतं.

वापरलेलं कार्ट्रिज घेतलंत तर सुई मात्र नवीच घ्या. झिजलेली सुई दिसत नाही, पण तबकडीची खाच कायमची कापून ठेवते.

उलटी_फिरकी
कार्ट्रिजचा विषय निघालाच आहे तर. डीजेसाठी गोल टोकाची सुई घ्या, लंबगोल नको. लंबगोल टोक बारीक तपशील जास्त वाचतं, पण तबकडी उलटी फिरवली की खाचेला जास्त घासतं. शुअर एम४४-७ चं कौतुक सगळीकडे वाचाल, पण शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजचा धंदाच बंद केला. जुना माल मिळालाच तरी सुई दुसऱ्या कंपनीची लावावी लागेल.

पहिल्या जोडीला दोन रस्ते. एक, ऑर्टोफॉन कॉनकॉर्ड : हेडशेल आणि कार्ट्रिज एकसंध, थेट आर्मला लावा, जुळवाजुळव नाही. दोन, वेगळ्या हेडशेलमध्ये बसणारं, जसं ऑडिओ-टेक्निकाचं एटी-एक्सपी३. हे स्वस्त पडतं. टेक्निक्सच्या आर्मवर सुईचं टोक हेडशेलच्या रबरी वॉशरपासून ५२ मिलिमीटरवर आलं पाहिजे. मोजपट्टीने मोजा, मग स्क्रू आवळा. चार वायरींचे रंग : पांढरी डाव्या बाजूची, निळी तिची परतीची, लाल उजव्या बाजूची, हिरवी तिची परतीची.

सम_ते_सम
मिक्सरबद्दल एक शंका. काही टर्नटेबलांना मागे फोनो-लाइन असा खटका आहे. तो कशावर ठेवायचा?

निळी_वायर
कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो आणि त्यात खर्ज मुद्दाम दाबलेला असतो. फोनो प्रीअँप तो वाढवतो आणि खर्ज परत भरतो. हे काम एकदाच व्हायला हवं. मिक्सरला फोनो इनपुट असेल तर टर्नटेबलचा खटका फोनोवर, मिक्सरही फोनोवर. दोन्हीकडे प्रीअँप चालू राहिला तर आवाज फाटतो आणि खर्ज ढबढब करतो. दोन्हीकडे बंद राहिला तर आवाज दुरून आल्यासारखा, किरटा. मिक्सर घेताना *दोन* फोनो इनपुट आहेत ना ते बघा, काही स्वस्त मिक्सरना एकच असतो.

आणि ती बारीक अर्थिंगची वायर मिक्सरच्या स्क्रूला लावायला विसरू नका. सतत घूं ऐकू आलं की आधी तीच बघायची.

हळूहळू_चालू
एका बाजूचा आवाज गेला तर कुठून सुरुवात करायची?

निळी_वायर
अदलाबदल करत जायचं. दोन टर्नटेबलांची हेडशेल एकमेकांना लावा. दोष हेडशेलबरोबर गेला तर कार्ट्रिज किंवा त्याच्या चार वायरी. दोष त्याच टर्नटेबलला राहिला तर मिक्सरवर दोन्हीच्या आरसीए पिना बदला. आता दोष मिक्सरच्या त्याच चॅनेलवर राहिला तर मिक्सर, टर्नटेबलबरोबर सरकला तर आर्म किंवा वायर. दहातली बरीच प्रकरणं हेडशेलच्या मागच्या चार टिकल्यांपाशीच संपतात. पेन्सिलच्या खोडरबराने घासा, कोरड्या कापडाने पुसा.

जोडी एकाच मॉडेलची असण्याचा हाही फायदा.

मोटार_आणि_मी
आता एक उत्तम आणि दुसरं नंतर, या प्रश्नाकडे. शक्यतो नको. एका टर्नटेबलवर बीटमॅचिंग होत नाही. आणि दोन वेगळ्या मॉडेलांचे पिच फेडर वेगळे वागतात. एकाची श्रेणी ±८ आणि दुसऱ्याची ±१६ असेल तर बोट तेवढंच सरकवूनही एका बाजूला दुप्पट बदल होतो. दोन्हीकडे ±८ निवडता येत असेल तरच मिश्र जोडी चालेल. ±८ वर १२० बीपीएमचं गाणं ११०.४ ते १२९.६ पर्यंत नेता येतं. हाउस-डिस्कोला ते बऱ्याच वेळा पुरतं. मोठी श्रेणी डोळ्यांत भरते, पण बारीक जुळवणी लहान श्रेणीतच हाताला सोपी जाते.

उलटी_फिरकी
आणि ±८ च्या पलीकडे सूरही फार बदलतो. साधारण ६ टक्क्यांना एक श्रुती... नाही, एक पूर्ण अर्धस्वर. गायलेलं गाणं लगेच ओळखू येतं.

बिगरी_ते_मिक्स
टाइमकोडच्या तबकड्या घेतल्या तर? दोन तबकड्या, लॅपटॉप आणि सगळा संग्रह हाताशी.

काळी_तबकडी
चांगला पर्याय आहे, पण इंटरफेस (टर्नटेबल लॅपटॉपला जोडणारी पेटी) किंवा तो आत असलेला मिक्सर लागतो. तबकडीवर गाणं नसतं, ठरावीक सूर असतो (सेराटोचा १ किलोहर्ट्झ), त्यावरून सॉफ्टवेअर वेग आणि दिशा ओळखतं. टर्नटेबल, आर्म, सुई यांच्या अटी तशाच राहतात. सुईवर धुळीचा गोळा बसला की गाणं अडखळतं. म्हणून पहिली जोडी निवडताना यामुळे काही बदलत नाही.

उलटी_फिरकी
सेटिंगची पद्धत इथेच लिहून ठेवतो, म्हणजे शोधावी लागणार नाही. हेडशेल लावा, सुईची टोपी काढा, अँटीस्केट ०. मागचं वजन फिरवून आर्म तबकडीच्या पातळीत आडवा तरंगवा. आता वजन धरून ठेवा आणि *फक्त* आकड्यांची कडी फिरवून ० वर आणा. मग वजन आणि कडी एकत्र फिरवा, कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेल्या आकड्यापर्यंत. कॉनकॉर्ड एमके-२ मालिकेत मिक्सला ३ ग्रॅम, स्क्रॅचला ४. सगळ्यात जास्त होणारी चूक : कडी ० वर आणताना तिच्यासोबत वजनही फिरतं, ० चुकतं आणि सुईवर दीड-दोन ग्रॅम कमीजास्त पडतात. काट्याने एकदा मोजा.

सुई उडते म्हणून वजन वाढवत जाऊ नका. आधी टर्नटेबल सपाट आहे का, तबकडी वाकडी आहे का, सुईवर धूळ आहे का ते बघा. गरजेपेक्षा कमी वजनही वाईटच, सुई खाचेत नाचते आणि भिंती खरवडते.

खाचखळगे
सपाटीवरून आठवलं. जड फरशीचा तुकडा टर्नटेबलखाली ठेवा आणि स्पीकर त्या टेबलावर अजिबात ठेवू नका. आवाज वाढवला की खर्ज टेबलातून सुईत शिरतो, तिथून पुन्हा स्पीकरला, आणि हूऽऽ सुरू होतं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण इथे दगडच हवा.

आणि टर्नटेबलसोबत येणारा जाड रबरी मॅट काढून ठेवा, स्लिपमॅट थेट धातूच्या प्लॅटरवर. तरीही नीट घसरत नसेल तर स्लिपमॅटच्या आकाराचा पातळ गुळगुळीत प्लास्टिकचा किंवा मेणकागदाचा गोल कापून खाली घाला.

सम_ते_सम
ठरलं : एकाच मॉडेलची वापरलेली डायरेक्ट ड्राइव्ह जोडी, एस आर्म, दोन फोनो इनपुटचा साधा मिक्सर, एटी-एक्सपी३ आणि नव्या सुया. दोन ठिकाणच्या जोड्या बघायच्या आहेत, @निळी_वायर यांची यादी छापून नेतोय. शेवटचा प्रश्न : घेतल्यावर आणताना काय काळजी घ्यायची? मूळ खोकी नाहीत.

निळी_वायर
हेडशेल काढून वेगळं गुंडाळा. मागचं वजन काढा, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला आर्मच्या बेअरिंगवर हिसका बसतो. आर्म त्याच्या खाचेत ठेवून खटका लावा, वरून कापडी फितीने हलकेच बांधा. प्लॅटरला दोन भोकं असतात, त्यांत बोटं घालून तो सरळ वर उचला. जोराने बसलेला असतो, तिरका ओढू नका. टेक्निक्समध्ये प्लॅटरच्या पोटाला मोटारीचं चुंबक असतं, म्हणून तो चुंबकाची बाजू खाली करून जमिनीवर ठेवू नका. लोखंडाचा एखादा कण किंवा सुटा स्क्रू चिकटून परत आत गेला तर घासल्याचा आवाज येत राहील. बसवण्याआधी चुंबकावरून कागदी चिकटपट्टी फिरवून कचरा काढा. आणि प्लॅटर बाहेर असताना वीज लावू नका.